साखळीचा वण

त्या मुलीच्या मनात वाईट काही नव्हतं. घर बघायला आलेली माणसं कुठंही हात लावतात, भिंतीवर टकटक करून बघतात, नळ सोडून पाणी वाहताना बघत उभी राहतात. तिचं बोटही तसंच दाराच्या फळीवरून फिरत खाली आलं आणि त्या तांबूस रेषेपाशी थांबलं. "इथं साखळी होती का हो, अज्जा?" तिनं विचारलं. श्रीकंठय्या म्हणाले, "होती." "जाड होती?" "होती जाड." तिचा नवरा आत न्हाणीघरात टाकीचं झाकण उघडून बघत होता, त्याला तिनं नुसती हाक मारली. पायरीवर दोघं वाकून चपला घालताना एकमेकांशी फार हळू बोलली. "आम्ही कळवतो," नवरा म्हणाला. लोखंडी फाटक लावायलाही ती दोघं विसरली. वास्तविक फार नीटनेटकी वाटत होती.

श्रीकंठय्यांनी जाऊन फाटक लावलं. फाटकाच्या सळ्यांना त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी तारेनं बांधली होती. घर विकणे आहे, मालकाशी बोला, दलालांनी येऊ नये. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये डब्यांवर आकडे काढून त्यांचा हात बसलेला होता, त्यामुळे अक्षरं सरळ आणि थोडी रागीट दिसत. परत येऊन ते दाराशी उभे राहिले आणि त्या मुलीसारखंच त्यांनी बोट त्या रेषेवर ठेवलं. गंज होता. त्यांनी एकदा चिंच लावून घासला होता, नंतर खडबडीत कागदानं. लाकूड उजळलं, पण रेषा आत गेलेली होती, जखम भरल्यावर कातडीला राहतो तसा वण. म्हैसुरात चामुंडीपुरमसारख्या पेठेत राहत्या घराला तसली साखळी दोनच कारणांनी लागते. एक जप्ती. दुसरं नक्षत्र. आणि जप्तीच्या घरासमोर कोणी रोज सडा घालून रांगोळी काढत नाही. तेव्हा त्या मुलीला आणखी काही विचारायची गरजच पडली नाही.

तुंगा धनिष्ठा नक्षत्रावर गेली असं ठरलं होतं. घरात कोणी त्या नक्षत्रावर गेलं, की घर सहा महिने बंद. चूल नाही, दिवा नाही, झाडलोट नाही. माणसांनी आपापली अंथरुणं उचलायची आणि दुसरीकडे राहायचं. मग नक्षत्रशांत करून, दूध उतू घालून पुन्हा आत यायचं. त्यांच्या वडिलांच्या वेळी नंजनगुडला असं झालं होतं, तेव्हा सगळे काकांकडे राहिले होते आणि लहान श्रीकंठाला ती सुट्टी वाटली होती. या वेळी ते समोरच्या नागरत्नम्माच्या माडीवर राहिले. नागरत्नम्मा ही तुंगाची फुलांची मैत्रीण. रोज संध्याकाळी एकीकडची मोगऱ्याची ओंजळ दुसरीकडे जायची आणि दुसरीकडचा सोनचाफा पहिलीकडे यायचा. माडीच्या खिडकीतून आपलं घर समोर दिसे. आपलं घर समोरून इतका वेळ त्यांनी कधी बघितलेलंच नव्हतं, आतून बाहेर बघायची सवय. सोनचाफ्याला पाणी तरी हवं म्हणून ते कुंपणाबाहेर उभं राहून नागरत्नम्माच्या नळाची रबरी नळी आत सोडत. पाणी पानांवर पडल्याचा आवाज ऐकून आतून तुंगा म्हणेल, मुळाशी घाला हो, अंघोळ कशाला घालता, असं वाटे. दिवेलागणीला आळीतली सगळी घरं पिवळी व्हायची आणि मधलं एक काळं राहायचं, पडलेल्या दाताच्या जागेसारखं. आत तुंगाचा चष्मा होता, खिडकीपाशी अंथरलेली चटई होती, पितळी तांब्या होता. आणि एक कथा होती, अर्धी राहिलेली. ती अंधारात तशीच बसून असणार, असं त्यांना रोज वाटे. कोणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

घर उघडल्यावर पहिला आला तो रेवण्णा. पेठेतली निम्मी घरं त्यानंच इकडची तिकडे केलेली. स्कूटर फाटकाला टेकवून तो आत आला, चांगल्या मनानंच आला. "स्वामी, प्रसन्नाचा फोन आला होता. घर माझ्यावर सोडा. तुम्ही बंगळूरला नातवंडांत जाऊन बसा." श्रीकंठय्यांनी त्याला कॉफी दिली. कॉफी पिता पिता त्यानं दाराकडे बघितलं. "तेवढं एक आहे. पण त्याची काळजी नको. गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगायचं, अम्मा दवाखान्यात गेल्या. विषय संपला. घरात काही झालंच नाही." श्रीकंठय्या म्हणाले, "ती घरात गेली. इथं, या खिडकीपाशी." "ते मला माहीत आहे हो. गिऱ्हाइकाला काय माहीत?" "तिचे पाय माझ्या मांडीवर होते." रेवण्णानं पेला खाली ठेवला. "बरं, मग दुसरी रीत. आपणच आधी सांगून टाकायचं, दोष होता, शांत केली, म्हणून भाव जरा कमी. दोषाच्या घराला पण माणसं मिळतात, स्वामी. फक्त सांगायचं कसं ते कळायला पाहिजे." तो गेल्यावर पाटी रंगवायला त्यांनी मागच्या खोलीतून रंगाचा डबा काढला.

म्हणजे दोनच वाटा होत्या. एक तर तुंगा त्या घरात गेलीच नव्हती. कुठल्याशा दवाखान्यात, लोखंडी खाटेवर, परक्या बाईनं पडदा ओढला तिथं गेली. नाही तर ती या घराचा दोष होती, गळक्या छतासारखी, वाळवीसारखी, जिच्यासाठी भाव थोडा उतरतो. उभा जन्म जिनं हे घर पुसलं तीच त्याच्यावरचा डाग. श्रीकंठय्यांना घर विकायला नको होतं असं नव्हतं. गुडघे थकले होते, जिना चढवत नव्हता, मुलगा प्रसन्न दर रविवारी बंगळूरहून येऊन दमत होता. घर जायला हवं होतं. पण तिला मधे न घालता. नाही तर तिला तिच्या जागी, आहे तशी ठेवून. ते कसं करायचं हे त्यांना कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून व्हायचं नाही.

प्रसन्न फोनवर म्हणाला, "अप्पा, कोण आलं होतं आज?" "एक जोडपं. चांगलं होतं." "मग?" "साखळी दिसली त्यांना." मग तो हसल्यासारखं करून म्हणाला, "दाराला नवा रंग मारा ना. आणि अप्पा, तुम्ही प्रत्येकाला बसवून घराचं पुराण सांगता म्हणे. नागरत्नम्मा सांगत होत्या. घर विकताय की कथा लावलीय?" श्रीकंठय्या म्हणाले, "कथा लावली असती तर माणसं बसली तरी असती."

त्यावर तुंगा हसली असती. ती हसलीच, असं त्यांना वाटलं. खिडकीपाशी चटई अंथरलेली असे, शांत झाल्यावरही त्यांनी ती गुंडाळली नव्हती. घरात वावरताना ते त्या कोपऱ्याशी बोलत. तुंगा, माझी किल्ली कुठं? आणि हात आपोआप देवघराच्या फळीकडे जाई, किल्ली तिथंच असे. तुंगा, डाळीचा डबा? खालच्या फडताळात, उजवीकडे. तिचा आवाज ऐकू येई असं नाही. उत्तर मात्र मिळे. कोपऱ्याकडे पाहिल्याशिवाय वस्तू सापडत नसे आणि पाहिल्यावर सापडे. याला लोक काय म्हणतील ते त्यांना माहीत होतं. पण कथा अर्धी राहिली असताना ऐकणारी उठून कशी जाईल? इतर कोणीही जाईल, तुंगा जायची नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी रामोत्सवाच्या मांडवात ते दोघं हरिकथेला गेले होते. चैत्रातला उकाडा, गुळाच्या पानकाचे पेले, पानाच्या द्रोणात भिजल्या डाळीची कोसंबरी, आणि व्यासपीठावर टाळ वाजवत पायात घुंगरू बांधलेले कथेकरी दास. दासांचा आवाज बसलेला होता तरी त्या बसलेल्या आवाजातूनच त्यांनी सगळ्या मांडवाला रडवलं होतं. देव आता येणार, आता येणार असं करत ते माणसाला उंबऱ्यावर आणून उभं करत आणि मग एकदम विनोद सांगत, की लोक डोळे पुसता पुसता हसत. श्रीकंठय्यांना तोवर हरिकथा म्हणजे म्हाताऱ्यांचा वेळ घालवायचा धंदा वाटे. त्या दिवशी त्यांच्या आत काहीतरी कायमचं ओलं झालं आणि ते पुन्हा कधी वाळलं नाही. कथा संपत आली तशी माणसं उठायला लागली. शेवटचं मंगळ, म्हणजे समारोपाचं मंगलपद, म्हणायचं बाकी होतं, पण मांडवाबाहेर चपलांचा ढीग झालेला, नंतर सापडत नाहीत, म्हणून मागची माणसं वाकून वाकून सटकत होती. शेवटची बस चुकणार म्हणून श्रीकंठय्याही उठू लागले. नव्या बायकोनं, जिनं तोवर त्यांच्याकडे धड मान वर करून बघितलं नव्हतं, त्यांचं मनगट धरून खाली बसवलं. "बसा. मंगळ व्हायचंय." "बस जाईल." "जाऊ दे. चपलांसाठी देवाला अर्ध्यात सोडायचं का?" बस गेली. त्यांची चप्पलही गेली. एका पायात स्वतःची आणि एका पायात कोणाची तरी घालून ते घरी आले आणि ती वाटभर तोंडावर पदर धरून हसत होती. त्यानंतर उभ्या आयुष्यात ते कुठल्याही कथेतून मंगळाआधी उठले नाहीत. ताप असतानाही नाही. पुढे पुढे ते स्वतः घरातल्या घरात आख्यानं म्हणू लागले. आवाज बरा होता, पाठांतर ऐकीव, मधे मधे शब्द विसरत, तिथं तुंगा भाजी चिरता चिरता शब्द पुरवी. तिला सगळ्यात आवडे ते त्या रानातल्या म्हातारीचं. देव येईल म्हणून रोज वाट झाडणारी, बोरं चाखून गोड तेवढी ठेवणारी. "वाट झाडणं मोठं नाही," तुंगा म्हणे. "काल झाडलेली आज पुन्हा झाडायची, ते मोठं."

त्या दिवशी तेच चाललं होतं. दुपार उतरत होती. तुंगाला बरेच दिवस खाटेवर चैन पडत नसे, म्हणून खिडकीपाशी चटईवर गादी घालून तिला ठेवलं होतं. पाय गार पडत म्हणून ते मांडीवर घेऊन श्रीकंठय्या बसले होते आणि तिचा एक हात त्यांच्या हातात होता. बोलणं जवळजवळ बंद झालेलं. फक्त बोट चाले. ते गात असताना ती त्यांच्या तळव्यावर एका बोटानं ताल धरी, इतका हलका, की दुसऱ्या कोणाला दिसलाही नसता. म्हातारीनं झोपडी सारवली. वाट झाडली. बोरं वेचली. रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं ओरडत चालली होती, कोणीतरी फाटकाच्या सळ्यांवरून काठी खरखरत नेली. देव रानाच्या कडेला दिसू लागला, म्हातारीला ओळखू येईना, तिनं डोळ्यांवर हाताची झापड केली, आणि तिथं बोट थांबलं. त्यांना आधी वाटलं, ही मुद्दाम सोडलेली मात्रा आहे. तालात तशी रिकामी जागा असतेच. ते समेची वाट बघत गात राहिले. सम आली. बोट आलं नाही. पुढची सम आली. तेव्हा त्यांना कळलं. आणि कळल्यावरही ते गात राहिले. कारण म्हातारी दारात उभी होती आणि देव अजून वाटेवर होता. तिला तिथं तशी उभी ठेवून कोणाला हाक मारायची? तुंगानं त्यांना कधी मधेच उठू दिलं होतं का? त्यांनी आवाज खाली आणला, ती झोपली असती तर आणला असता तसा. देवाला ते घाईनं आणू शकले असते, पण आणलं नाही. दास आणत तसंच आणलं, एकेक पाऊल, मधली विनोदाची जागाही गाळली नाही. बाहेरचं ऊन खिडकीच्या गजांवरून तिच्या केसांवर आलं आणि केसांवरून भिंतीवर गेलं. त्या वेळी दुःख असं झालंच नाही. नंतर इतकं झालं, पण तेव्हा नाही. त्या घरात तेव्हा ते दोघं होते आणि एक कथा, आणि अजून कोणालाही काहीही माहीत नव्हतं.

देव झोपडीच्या दाराशी वाकला. झोपडी ठेंगणी, देव उंच, वाकल्याशिवाय आत येता येत नाही. तेवढ्यात नागरत्नम्मा फुलांची ओंजळ घेऊन आत आली. दिवे लागले होते. "कसंय अक्का?" म्हणत ती जवळ आली, तिनं बघितलं, आणि फुलं तिच्या हातातून सगळीकडे सांडली.

मग घर माणसांनी भरलं. पुरोहित पंचांग उघडून बसले. त्या दिवशी दिवेलागणीच्या जरा आधी श्रवण संपून धनिष्ठा लागत होतं. "वेळ कोणती?" त्यांनी विचारलं. श्रीकंठय्यांनी तोंड उघडायच्या आत नागरत्नम्मा रडत रडत म्हणाली, "दिवेलागणीला, मी आले तेव्हाच हो." डॉक्टरांनीही तसंच म्हटलं. पुरोहितांनी बोट पंचांगावर टेकवलं, मान हलवली, आणि बंगळूरहून नुकताच पोचलेला प्रसन्न वडिलांकडे बघू लागला. एक वाक्य पुरलं असतं. शाळा सुटली तेव्हाच ती गेली, श्रवण होतं. घर बंद पडलं नसतं, साखळी लागली नसती, दाराला वण राहिला नसता. पण त्या वाक्यामागून दुसरा प्रश्न आलाच असता: मग इतका वेळ तुम्ही काय करत होता? आणि त्याचं उत्तर त्या भरल्या घरात, पंचांगासमोर, त्यांना द्यायचं नव्हतं. तेवढा वेळ त्यांचा होता. ते गप्प राहिले. आणि त्या गडबडीत देव दाराशी वाकलेलाच राहिला. मंगळ राहिलं. नंतर शांतीच्या दिवशी होम झाला, दूध उतू गेलं, पुरोहितांनी घरभर पाणी शिंपडलं, पण कथा पुढे न्यायला श्रीकंठय्यांचा गळा उघडला नाही. नेली असती तर ती संपली असती.

शनिवारी दुपारी तिघं आली. मधुसूदन नावाचा पाटबंधारे खात्यातला मुलगा, त्याची बायको वीणा, आणि मुलाची आई विशालाक्षम्मा. आई जाड भिंगांची, हातात काठी, श्वास लागलेला. दाराशी पोचताच काठी भिंतीला टेकवून तिनं श्वास घेतला, आणि घेता घेता तिची नजर वणावर गेली. आत येऊन तिनं चारी बाजूंना बघितलं आणि कोणी बसा म्हणायच्या आत खिडकीपाशी जाऊन चटईच्या कडेला, जमिनीवर, हळूहळू बसली. चटईवर ती बसली नव्हती, कडेलाच बसली होती, जागा ठेवून बसतात तशी. मुलगा फीत काढून खिडक्या मोजू लागला. "अम्मा, वरून टेकडी दिसते म्हणे, देवीचं देऊळ दिसतं." "तुम्ही बघून या. माझे गुडघे वर आले तर परत खाली यायचे नाहीत." मग ती श्रीकंठय्यांकडे वळली. "घरात कोण गेलं?"

"अम्मा," मुलगा अवघडून म्हणाला.

"तू मोज ना खिडक्या. मी काही खिडक्यांत बोलतेय का तुझ्या?"

"माझी बायको," श्रीकंठय्या म्हणाले.

"नक्षत्र?"

"धनिष्ठा म्हणाले."

"म्हणाले म्हणजे? तुम्ही नव्हता?"

"होतो."

विशालाक्षम्मानं भिंगांतून त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग सुनेला म्हणाली, "वीणा, याला वर घेऊन जा. परसातल्या माडाला किती नारळ लागलेत तेही वरून मोजून या. नीट मोजा, परत यायची घाई नको." दोघं जिना चढून गेली. वर पावलं वाजली, मग गच्चीचं दार. श्रीकंठय्या उभेच होते. "बसा की," ती म्हणाली, "घर तुमचंच आहे अजून." ते समोर बसले. आणि कुठून सुरुवात करावी हे न कळून त्यांनी बोटापासून केली. तळव्यावरचं बोट, रिकामी मात्रा, सम. शाळेची पोरं, काठीची खरखर. सांगताना त्यांना वाटत होतं, आपण हे विकतोय. इतके दिवस दातांखाली धरून ठेवलं ते या अनोळखी बाईसमोर घर खपावं म्हणून काढून ठेवतोय. मधेच ते थांबले आणि म्हणाले, "हे मी घरासाठी सांगत नाही."

"मग मीही घरासाठी ऐकत नाही. पुढे?"

त्यांनी पुढे सांगितलं. नागरत्नम्मा आली तिथपर्यंत. विशालाक्षम्मा मधे एकदाच बोलली. "पाय गार होते?" "आधीपासूनच. मांडीवर घेतले होते." तिनं मान हलवली. सगळं झाल्यावर ती थोडा वेळ बोटांवर काही मोजल्यासारखं करत राहिली. "म्हणजे श्रवण होतं," ती म्हणाली. "घर बंद ठेवायचं कारणच नव्हतं."

"नव्हतं."

"मुलाला माहीत आहे?"

"नाही. कोणालाच नाही. आणि तुमच्या मुलालाही सांगू नका. दोष नव्हता, म्हातारा गात बसला म्हणून झालं, असं नको. त्यापेक्षा घर राहू दे."

"मी कशाला सांगू? धनिष्ठा तर धनिष्ठा. घर बंद होतं, उघडलं, शांत झाली. मी हयात आहे तोवर आमच्या घरात नक्षत्रं मी बघते." ती जराशी हसली, मग हसू गेलं. "आमचे यजमान दवाखान्यात गेले. दाराबाहेर बसवून ठेवलं होतं मला. नक्षत्र उत्तम होतं, पुरोहित किती कौतुक करत होते." तिनं काठी जवळ ओढली, पण उठली नाही. खालच्या आवाजात विचारलं, "मंगळ म्हटलंत?"

श्रीकंठय्यांनी नकारार्थी मान हलवली.

"देव दारातच आहे मग अजून?"

"हो."

"आणि ती बसून आहे."

त्यांनी चटईकडे बघितलं. हे कोणी मोठ्यानं म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"इतके दिवस बसवून ठेवलंत बाईला," विशालाक्षम्मा म्हणाली. आवाजात ठपका नव्हता, उशीर झालेल्या पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाली. "म्हणा आता. मी उठत नाही."

"गळा चालत नाही."

"आमच्याकडे दास यायचे त्यांचा तरी कुठं चालायचा."

गच्चीवर मधुसूदन बायकोला काहीतरी दाखवत होता, हसण्याचा आवाज आला. मग श्रीकंठय्यांनी डोळे मिटले आणि देव जिथं वाकला होता तिथून उचललं. पहिला सूर लागलाच नाही, नुसती हवा आली. दुसऱ्या वेळी लागला, खरखरीत, खालचा. देव आत आला. म्हातारीनं त्याला बसायला दिलं, पाय धुतले, बोरं पुढे केली. शब्द एका ठिकाणी अडला आणि सवयीनं त्यांनी कोपऱ्याकडे कान केला. शब्द आला. त्यांनी तो घेतला आणि पुढे गेले. देवानं उष्टी बोरं खाल्ली. मधली विनोदाची जागा आली, तीही त्यांनी घेतली, विशालाक्षम्मा तोंडावर पदर धरून हसली. जिन्यावर पावलं वाजली आणि थांबली. फितीचं पातं सटकन आत गेल्याचा आवाज झाला, मग तोही नाही. वीणा शेवटच्या पायरीवर खाली बसली. आता मंगळ. ते आपोआप आलं, इतक्या मांडवांतून, इतक्या चैत्रांतून ऐकलेलं. त्यात आवाज लावावा लागत नाही, तो सगळ्यांचा असतो. विशालाक्षम्माही बरोबर म्हणू लागली, एक सूर वर, तुंगा म्हणे तसा नाही, वेगळाच. शेवटची ओळ दोनदा म्हणायची असते. त्यांनी दोनदा म्हटली. हात जोडले. आणि मग, नेहमी मंगळानंतर उठतात तसे, खिडकीचा गज धरून, एका गुडघ्यावर भार देत, ते उठले.

मुलाला काही कळलं नव्हतं, पण त्यानं फीत खिशात घातली होती. विशालाक्षम्मा म्हणाली, "मधू, घर मला आवडलं. पाटी काढायला मदत कर त्यांना." "मी काढतो," श्रीकंठय्या म्हणाले. ते बाहेर आले. पायरीवर चपलांचे चार जोड होते, तीन पाहुण्यांचे आणि एक त्यांचा. त्यांनी पायानंच आपला जोड शोधला, घातला, आणि फाटकापाशी जाऊन तार उलगडू लागले. तार गंजलेली होती, बोटाला टोचली. पाटी निघाली तेव्हा सळ्यांवर तिच्याएवढी जागा स्वच्छ राहिली. समोरच्या घरातून नागरत्नम्मा बघत होती. त्यांनी तिला हात केला. पाटी काखेत धरून ते परत दाराशी आले.

"स्वामी," आतून विशालाक्षम्मानं हाक मारली. "वीणा कॉफी करतेय सगळ्यांना. साखर कुठं असते?"

त्यांनी दारातूनच खिडकीकडे बघितलं. तुंगा, साखर? चटई होती. गजांच्या सावल्या तिच्यावर आडव्या पडल्या होत्या. एक कडा मघाशी कोणाच्या तरी पायानं दुमडली गेली होती, ती तशीच होती. ते बघत राहिले. नुसती चटई होती, तिच्यावर ऊन होतं. साखर कुठं असते ते त्यांना माहीत नव्हतं.

"बघतो," ते म्हणाले. त्यांनी चपला पुन्हा काढल्या, त्या तीन जोडांच्या शेजारी नीट लावल्या, आणि उजवा पाय आधी टाकून आत गेले.